भावंडांच्या प्रवासात भांडण झाले, म्हणजे नाते संपले का?

“लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो, मग आता सात दिवस एका गाडीत बसणे आम्हांला का जमले नाही? आमचे नाते संपले, असेच समजायचे का?” वीस वर्षांहून अधिक काळ न्यू जर्सीत राहणाऱ्या एका बाईंनी समुपदेशनाच्या पहिल्याच सत्रात मला हा प्रश्न विचारला. परदेशी गेलेले भावंड आणि घरी राहिलेले भावंड पुष्कळ वर्षांनी एकत्र फिरायला जातात आणि अबोला घेऊन परततात, अशा कहाण्या माझ्याकडे वारंवार येतात. म्हणून या बाई आणि त्यांचा भाऊ या दोघांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

धाकटा भाऊ पुण्यात आईसोबत राहतो. वडील दोन वर्षांपूर्वी दीर्घ आजाराने गेले. त्यानंतर ताईने भावाला आग्रहाने अमेरिकेला बोलावले आणि ऑक्टोबरमध्ये, मेपलची पाने लाल-केशरी होतात त्या दिवसांत, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर आणि मेन या राज्यांतून प्रवास आखला. या प्रवासाला एक घरगुती कारण होते. 2002 साली आई-वडील तिच्याकडे आले असताना न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रँकोनिया नॉच या खिंडीत वडिलांचा एक फोटो काढलेला होता. मागे उंच कडा आणि त्या कड्यावर माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसणारी, ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ म्हणून प्रसिद्ध असलेली खडकाची रचना. पुढच्याच वर्षी, 3 मे 2003 रोजी, ती रचना कोसळली. पुण्याच्या घरात तो फोटो अजूनही भिंतीवर आहे आणि भावाला ती जागा पाहायची होती.

आज त्या कड्याखाली प्रोफाइल लेकच्या काठी पोलादी खांब उभारलेले आहेत. आपल्या उंचीनुसार आखून दिलेल्या जागी उभे राहून, एक डोळा मिटून खांबाकडे पाहिले, की खांबावरचे उंचवटे कड्याच्या रेषेशी जुळतात आणि गेलेला चेहरा पुन्हा जागेवर दिसतो. भाऊ तिथे बराच वेळ उभा होता. ताईने घड्याळ पाहिले आणि म्हणाली, “चल रे, पुढच्या घाटात अंधार पडेल.” तिचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. लिंकनपासून कॉनवेपर्यंत जाणारा कँकामॉगस महामार्ग सुमारे चौतीस मैलांचा असून त्यावर पेट्रोल पंप नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइललाही रेंज मिळत नाही. भाऊ काही न बोलता गाडीत बसला आणि त्याच रस्त्यावर, जिथून कुणाला फोनही करता येत नव्हता, तो म्हणाला, “ताई, बाबा गेले तेव्हाही तू वेळापत्रकच पाहत होतीस.”

त्यानंतर जे बोलले गेले ते दोघांनाही शब्दशः आठवत होते, पण इथे त्याची गरज नाही. दोन दिवसांनी मेनमधल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात कॅडिलॅक डोंगरावर सूर्योदय पाहायचा होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत सूर्य सर्वांत आधी तिथे दिसतो, असे सांगतात; हंगामात गाडी वर नेण्यासाठी आधी आरक्षण लागते आणि ते ताईने धडपडून मिळवले होते. भाऊ उठलाच नाही. ती एकटी गेली आणि परतीचे सुमारे पाचशे मैल दोघे फक्त रस्त्यापुरते बोलले.

मी आधी दोघांना वेगवेगळे भेटले. ताई दहा-अकरा वर्षांची असल्यापासून, आई-वडील दोघेही नोकरीवर असल्यामुळे, किल्ली, डबा आणि धाकट्याचा हात सांभाळत आली होती; व्यवस्था लावणे हीच तिची मायेची भाषा झाली होती. वडिलांच्या अखेरच्या आजारात मात्र तिला काहीच व्यवस्था लावता आली नाही आणि ती पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. मला वाटते, या प्रवासातला प्रत्येक मुक्काम, प्रत्येक आरक्षण, ही तिने उशिरा का होईना, केलेली सेवाच होती. इकडे भावाची बाजू अशी, की पुण्यात जो माणूस घर, आई, दवाखाना, बँक असे सगळे चालवतो, त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असूनही, विम्याची भानगड नको म्हणून, सात दिवस त्याला शेजारच्या सीटवर बसवले गेले आणि कॉफीचे पैसेही देऊ दिले नाहीत. तो म्हणाला, “मी पाहुणा नव्हतो, मी तिचा दप्तर धरून चालणारा धाकटा झालो होतो.”

‘भावंडांत हिशेब कशाला’ असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो, पण या वाक्याने जेवढे हिशेब आत दडपले गेलेले मी पाहिले आहेत, तेवढे दुसऱ्या कशाने नाही. आजारी आई-वडिलांपाशी कोण राहिले आणि कोण पैसे पाठवत राहिले, हे कुणी बोलत नाही. मग ते मुक्काम, उशीर, गाणी, गाडीतला एसी अशा रूपांत बाहेर पडते. गाडीत दोघांच्या नजरा रस्त्याकडे असल्याने अवघड बोलणे सोपे जाते हे खरे, पण उठून जाता येत नसल्याने ते टोकालाही लवकर जाते. म्हणून अशा प्रवासाला निघणाऱ्यांना मी सांगते, की सर्वांत दुखरा विषय निघण्यापूर्वी घरी तासभर बोलून घ्या, स्टिअरिंग आणि खर्च दोघांच्याही हातात राहील अशी सोय करा आणि दिवसातला थोडा वेळ एकमेकांपासून दूर, एकट्याने काढा. भांडण झालेच, तर गाडी थांबवण्याची जागा येईपर्यंत फक्त रस्त्याविषयी बोलणे हा अबोला नसून शहाणपणा आहे.

त्या बाईंच्या प्रश्नाला मी उत्तर दिले ते असे: नाते संपलेल्या भावाने त्या खांबासमोर उभे राहण्यासाठी एवढा प्रवास केला नसता.

तिसऱ्या सत्रात दोघे ऑनलाइन एकत्र आले, तिच्याकडे सकाळ आणि त्याच्याकडे संध्याकाळ. मी भावाला विचारले, की त्या तळ्याकाठी ताईने काय करायला हवे होते? तो म्हणाला, “बाबांच्या शेवटच्या रात्री कशा गेल्या, एवढेच विचारायला हवे होते. आजवर कुणी विचारले नाही.” ताई काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मला ऐकायची भीती वाटत होती रे. आता सांग.” तो चाळीस मिनिटे सांगत राहिला, ऑक्सिजनचे मशीन, पहाटे मागितलेला आल्याचा चहा, तिच्या फोनची वाट पाहणारे बाबा, सगळे. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.

येत्या मे महिन्यात ती एक महिना पुण्यात आईजवळ राहणार आहे आणि तेवढ्या दिवसांत भाऊ बायको-मुलांना घेऊन कोकणात जाणार आहे. औषधांची यादी त्याने तिला आताच पाठवली आहे.