ज्यांनी येशूचं नावच कधी ऐकलं नाही त्यांनाही देव नरकात टाकणार, मग हा न्याय कसला?

इतकं सरसकट नाहीये ते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात येशू दोन दासांबद्दल सांगतो, एकाला मालकाची इच्छा माहीत होती तरी त्याने केलं नाही म्हणून त्याला पुष्कळ फटके, दुसऱ्याला माहीतच नव्हती त्याला थोडेच. म्हणजे ज्याला जेवढं कळलं तेवढाच त्याचा हिशोब. येशूचा प्रेषित पौल पण बायबलमधल्या रोमकरांस पत्रात लिहितो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र (मोशेमार्फत दिलेले देवाचे नियम) नाही त्यांच्याही मनावर ते लिहिलेलं असतं आणि सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते.

कॅथलिक चर्चने तर 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, स्पष्टच मांडलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांनाही तारण (पापातून सुटका) मिळू शकतं. बरेच इव्हँजेलिकल लोक (बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणारे प्रोटेस्टंट) हे मानत नाहीत, विश्वासाशिवाय तारण नाहीच म्हणतात, मला ते पटत नाही कारण मग लूकमधल्या त्या दुसऱ्या दासाचं काय करायचं?

आणि असा प्रश्न विचारणं म्हणजे पाप वगैरे अजिबात नाही हां. बायबलमधल्या उत्पत्तीच्या 18व्या अध्यायात अब्राहाम देवालाच तोंडावर विचारतो की सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का, आणि सदोम हे पापी शहर नाशातून वाचवायला, तिथे 50 नीतिमान सापडले तर सोडशील का इथपासून घासाघीस करत करत 10 वर येतो, तरी देव एकदाही चिडत नाही, दर वेळी ऐकून घेतो आणि हो म्हणतो.