ज्यांनी टेबलटॉप फँटसी रोल-प्लेइंग गेम कधीच खेळलेला नाही, अशा मित्रांना त्याची ओळख कशी करून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतः दोन-तीनदा खेळला आहात आणि आता चार मित्रांसाठी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी व्यक्ती, व्हायचं ठरवलंय. चौघांना नियमपुस्तकाची पीडीएफ पाठवून पंधरा दिवस झाले, पण कुणीच ती उघडलेली नाही. ती त्यांच्याकडून वाचून कशी घ्यावी, की एखादा सोपा गेम शोधावा, असा तुमचा प्रश्न आहे.

वाचून घेऊ नका. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रकारातल्या सगळ्यात प्रसिद्ध गेमचं खेळाडूंसाठीचं पुस्तक तीनशेहून जास्त पानांचं आहे. अडलं की उघडून बघायचं, अशा प्रकारचं ते पुस्तक आहे. शब्दकोश पाठ करून कुणी बोलायला शिकत नाही, तसंच हे.

हे मी पोळल्यानंतर शिकले. पहिल्यांदा पाच नवख्या लोकांना घेऊन बसले तेव्हा मला वाटलं की प्रत्येकाने आपलं पात्र स्वतः घडवलं तर त्याला ते आपलं वाटेल. म्हणून क्लास (पात्राचा पेशा), वंश, सहा गुणांचे आकडे, सामान, सगळं टेबलावरच करायला घेतलं. विझार्ड, म्हणजे जादूगार, घेणारीला तीन कॅन्ट्रिप (छोटे मंत्र) आणि सहा मोठे मंत्र निवडायचे होते. ती बिचारी एकेका मंत्राचं वर्णन मन लावून वाचत बसली आणि बाकीचे चौघं तिच्याकडे बघत बसले. गोष्ट सुरू झाली तेव्हा जेमतेम चाळीस मिनिटं उरली होती. त्यातले दोघं पुन्हा आले नाहीत. त्यांच्यातल्या एकाने नंतर मला सांगितलं, "मला वाटलं हा खेळ म्हणजे अर्ज भरणं." त्याचं चुकलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्याला खेळ दाखवलाच नव्हता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांभाळते. नवख्या माणसाच्या हातात आधी निर्णय द्यायचा, नियम त्याच्या मागून येऊ द्यायचा.

खेळ समजावून सांगायला तीन वाक्यं पुरतात. तुमच्यासमोर काय आहे ते मी सांगेन. तुमचं पात्र काय करतं ते तुम्ही सांगा. जे जमेल की नाही याची खात्री नाही, तिथे फासा टाकू. लहानपणच्या लुटुपुटूच्या लढाईत "तू मेलास!" "नाही, मला लागलंच नाही!" हे भांडण ठरलेलं असायचं. तो वाद मिटवायला इथे फासा आहे. एवढं सांगून मी थेट सुरुवात करते.

या खेळाचा जन्मही असाच झाला, म्हणून हे थोडं सविस्तर सांगते. १९६०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काही मंडळी टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया खेळत असत. त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्लीने एकदा सैन्याऐवजी एकेका खेळाडूला एका काल्पनिक गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली. खेळाडू लढाईची वाट बघत थांबलेच नाहीत. ते एकमेकांना कोपऱ्यात गाठून कट रचायला लागले. दोघं तर वेस्लीकडे येऊन म्हणाले, आम्हाला द्वंद्व करायचंय. द्वंद्वाचे नियम त्याने केलेलेच नव्हते, ते जागच्या जागी बनवावे लागले. त्याला वाटलं प्रयोग पार विस्कटला, पण खेळाडू म्हणाले, पुन्हा कर. त्या खेळाडूंपैकी एक होता डेव्ह आर्नेसन, आणि त्यानेच पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला. म्हणजे "मला हे करून बघायचंय" हे आधी आलं आणि नियम नंतर. तुमच्या मित्रांनाही त्याच क्रमाने जाऊ द्या.

तयार पात्रं घेऊन जा. चार जण असतील तर सहा पात्रं न्या, म्हणजे शेवटच्यालाही निवडायला काही उरतं. ती क्लासच्या नावाने समोर ठेवू नका. "ही लेव्हल वनची रोग आहे" यातून नवख्याला काहीच कळत नाही (रोग म्हणजे इंग्रजी rogue, लपतछपत काम करणारं चोरासारखं पात्र). त्याऐवजी मी प्रत्येक शीटवर, म्हणजे पात्राची माहिती असलेल्या कागदावर, वरच्या बाजूला एक वाक्य लिहिते: "कुठलंही कुलूप उघडणारी, पण ज्या घरातून पळून आली तिथे परत जायला घाबरणारी." "गावाने हाकललेला सैनिक, ज्याला आपलं नाव धुऊन काढायचंय." लोक वाक्य वाचून हात पुढे करतात. नाव मात्र त्यांनाच ठेवू द्या. नाव ठेवलं की पात्र त्यांचं होतं. मी त्या पहिल्या संध्याकाळी जे दोन तास खर्चून साधू पाहत होते, ते या एका गोष्टीने साधतं. विझार्ड वगळू नका, अनेकांना जादूच करायची असते. फक्त तिचे तीनच मंत्र एका चिठ्ठीवर सोप्या भाषेत लिहून द्या, बाकीचे पुढच्या वेळी.

आता पहिला प्रसंग. माझा सगळ्यात जास्त भर यावर असतो. सरायखान्यात बसलेला म्हातारा काम देतो, या सुरुवातीत नवखी माणसं फक्त ऐकत राहतात. मी अशी सुरुवात करते: "संध्याकाळ होत आलीय. दोन काठांना बांधलेल्या दोराला धरून तुमचा तराफा नदी ओलांडतोय. मध्यावर आल्यावर तुम्हाला दिसतं, पलीकडच्या काठावर तीन गॉब्लिन तोच दोर सुरीने कापतायत. काय करता?"

(गॉब्लिन म्हणजे फँटसी गोष्टींतले बुटके, लबाड प्राणी.) आणि मग गप्प बसायचं. शांतता होईल. नव्या गेम मास्टरला ती सोसवत नाही आणि तो पर्याय सुचवायला लागतो. तसं करू नका, मनात दहापर्यंत मोजा. कुणीतरी हळूच विचारतं, "मी त्यांच्याशी बोलू शकते का?" याच प्रश्नापाशी खेळ सुरू होतो. फक्त "हो" म्हणा आणि विचारा, "काय सांगतेस त्यांना?"

समजा ती म्हणाली, "थांबा, आम्ही तुम्हाला पैसे देतो." गॉब्लिन ऐकतील का, हे नक्की नाही, म्हणजे इथे फासा आला. पहिल्यांदाच वीस बाजूंचा फासा तिच्या हातात द्या. मध्यम कठीण कामाला १५ लागतात, तिच्या शीटवर बोलण्यापुढे तीन अधिक लिहिलेत, म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. ही शक्यता ४५ टक्के. तेवढ्यात दुसरा म्हणतो, "मी माझी खाण्याची पिशवी त्यांच्याकडे फेकतो, म्हणजे त्यांना खरं वाटेल." आता सांगा: याने मदत झाली, म्हणून तुला ॲडव्हान्टेज. दोनदा फासा टाक, मोठा आकडा धर. शक्यता एकदम ७० टक्क्यांच्या जवळ गेली. ॲडव्हान्टेज हा नियम समजावून सांगावाच लागला नाही. पिशवी फेकणाऱ्याला तो कायमचा लक्षात राहतो, कारण तो त्याच्या कल्पनेमुळे टेबलावर आला.

आणि फासा पडला चार तर? "ते ऐकत नाहीत" एवढंच म्हणून थांबलात तर सगळं तिथेच गोठतं. अपयशानेही गोष्ट पुढे सरकली पाहिजे. गॉब्लिन पिशवी झेलतात, हसतात, आणि दोर तुटतो. तराफा प्रवाहाबरोबर खाली निघालाय, समोर एका जुन्या गिरणीचं चाक फिरताना दिसतंय. काय करता? डंजन वर्ल्ड नावाच्या गेममध्ये हे नियमातच बसवलंय. दोन साधे फासे टाकून बेरजेत पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते, सात ते नऊ आले तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, सहा किंवा कमी आले तर संकट. ही मधली पायरी मी कुठलाही गेम चालवताना उसनी घेते. एक-दोनने हुकलं तर "जमलं, पण..." असं म्हणायचं.

प्रत्येक गोष्टीला फासा मागू नका. पाटी वाचायला, झोळी उघडायला, शिडी चढायला फासा लागत नाही. आणि ज्या सुगाव्यावाचून गोष्ट अडेल तो फाशाच्या भरवशावर कधीच ठेवू नका, तो देऊनच टाका.

लढाई झालीच तर छोटी ठेवा. पहिल्या लेव्हलची पात्रं फार नाजूक असतात, हे नव्या गेम मास्टरच्या लक्षात येत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत साध्या गॉब्लिनला सात हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) असतात आणि त्याचा एक वार सरासरी पाच-सहा काढतो. विझार्डकडे मुळात सात-आठच असतात, म्हणजे दोन वारांत ती आडवी. म्हणून मी आधीच स्पष्ट सांगते की पळून जाणं, लपणं, शरण जाणं, सौदा करणं, सगळं चालतं. नवख्याला वाटतं की लढाई सुरू झाली म्हणजे ती संपवायलाच हवी. गॉब्लिनलाही जीव प्यारा असतो. एक पडला की उरलेले पळतात. कुणाची पाळी आधी हे ठरवायला इनिशिएटिव्ह नावाचा फासा टाकावा लागतो खरा, पण पहिल्या दिवशी मी सरळ बसलेल्या क्रमाने जाते.

काही जण लाजतात, कारण इंटरनेटवर त्यांनी व्यावसायिक व्हॉइस ॲक्टर हा खेळ खेळताना पाहिलेले असतात. त्यांना सांगा की आवाज काढायची गरज नाही. "माझी रोग त्याला थाप मारते की आम्ही व्यापारी आहोत" हे पूर्ण रोल-प्लेइंग आहे. जो गप्प बसलाय त्याला "तुला काही करायचंय का?" असं विचारू नका, तो नाही म्हणेल. त्याच्या पात्राचं नाव घेऊन नेमका प्रश्न टाका: "दोर कापणाऱ्या गॉब्लिनच्या गळ्यात तुझ्या जुन्या पलटणीचं पदक आहे. ते बघून तुझा सैनिक काय करतो?"

खेळण्याआधीची पाच मिनिटं आणखी एका गोष्टीसाठी ठेवा, आणि ही कृपया वगळू नका. गोष्टीत काय नको, ते सगळ्यांना विचारून घ्या. हाच तराफ्याचा प्रसंग एकदा चालवताना एक मुलगी अचानक गप्प झाली. लहानपणी ती बुडता बुडता वाचली होती. मी विचारलं नव्हतं, आणि मध्येच थांबवता येतं हे तिला माहीत नव्हतं. नवख्यांना ते माहीत नसतंच. आता मी आधी विचारते, आणि जॉन स्टॅव्हरोपोलॉस यांनी सुचवलेलं एक्स-कार्ड टेबलाच्या मध्यावर ठेवते. एका कार्डावर फुली काढायची. कुणी त्याला हात लावला की तो विषय सोडायचा आणि कारण विचारायचं नाही. नदीऐवजी वापरायला दुसरी सुरुवातही माझ्या वहीत लिहिलेली असते.

गेम कुठला, या प्रश्नाला मला फार वेळ द्यावासा वाटत नाही. मित्र डंजन्स अँड ड्रॅगन्सचं नाव ऐकून आले असतील तर तोच खेळा, दुसरं काही दिलंत तर त्यांना हुरहुर लागून राहील. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत, म्हणजे सुरुवातीला काही विकत घ्यायची गरज नाही. नावाचं आकर्षण नसेल तर मी केर्न (Cairn) नावाचा गेम घेईन. तोही मोफत आहे, नियम थोड्या पानांत मावतात, गुण तीनच, आणि हल्ला लागला की नाही यासाठी फासाच टाकायचा नाही, सरळ किती लागलं ते बघायचं. त्यामुळे मारामारी करण्याआधी लोक आपोआप विचार करतात.

फाशांचा सात नगांचा सेट एकदम समोर ओतू नका. आठ, दहा आणि बारा बाजूंचे फासे नवख्याला सारखेच दिसतात. आधी फक्त वीस बाजूंचा द्या, बाकीचे लागतील तसे हातात ठेवा. तीन तास धरा, मध्ये एकदा उठा. आणि गोष्ट त्याच दिवशी संपवा. लांबलचक कॅम्पेनचं, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीचं, वचन पहिल्याच दिवशी मागितलं तर माणसं बिचकतात.

संपल्यावर "मजा आली का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. मी विचारते, "उद्या सकाळी तुझं पात्र कुठे जाईल?" ज्याच्याकडे उत्तर आहे तो पुढच्या वेळी येणार. त्या रात्री पीडीएफ पुन्हा पाठवा, पण अख्खी नको. विझार्ड खेळलेल्या मित्राला फक्त मंत्रांची पानं, रोग खेळलेल्याला फक्त रोगची.