समाजसेवा करायला डिग्री कशाला?

प्रश्न : ताई, मी बार्शीला बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स डिग्री) करायचंय पण बाबा म्हणतात गरिबांना मदत करायला दोन वर्षं आणि पैसे कशाला घालवायचे? माहितीपत्रकात 'ज्ञान, कौशल्ये, मूल्ये' असं लिहिलंय, पण नेमकं शिकवतात काय तेच कळेना.

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे गं. वह्या वाटायला, ब्लँकेटं द्यायला डिग्री लागत नाही. मी पण तसल्याच उत्साहात एमएसडब्ल्यूला गेले होते. आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क असायचं, तिथे वस्तीत एका बाईने नवरा मारतो म्हणून सांगितलं आणि मी लगेच म्हणाले, सोडून द्या त्याला! सुपरवायझर मॅडमनी माझं रेकॉर्डिंग वाचलं (रेकॉर्डिंग म्हणजे टेप नाही हां, कोण काय बोललं, मला काय वाटलं, सगळं हाताने लिहायचं, बोटं दुखायची) आणि एवढंच विचारलं, आज रात्री ती मुलं घेऊन झोपणार कुठे? मला उत्तरच नव्हतं. तर कौशल्य म्हणजे आधी हे, की ऐकायचं, पर्याय दाखवायचे, कायदा, निवारा, पोलीस कुठे नि कसे मिळतात ते माहीत असायला हवं. आणि निर्णय तिचा. मूल्यं म्हणतात ती हीच, आणि ती वर्गात बसून येत नाहीत.

दुसरं म्हणजे, अशा शंभर बाया आल्या तर एकेकीला समजावत बसायचं की यंत्रणा बदलायची? आपल्याकडे समाजकार्याचं हे शिक्षण १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सुरू झालं, त्याच संस्थेला आता टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतात. टिसनेच १९८४ ला मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला, समाजकार्य शिकलेली माणसं थेट पोलिसांच्या आवारात बसवली. नंतर सरकारनेच ते काम राज्यभर नेलं. कम्युनिटी ऑर्गनायझेशन (वस्तीतल्या लोकांना एकत्र आणणं), सोशल अ‍ॅक्शन (मिळून यंत्रणा बदलायला लावणं), रिसर्च हे पेपर त्यासाठीच असतात, नुसते पाठ केले तर भयंकर बोअर होतात.

अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी कॉलेजच्या बिल्डिंगचे फोटो बघू नकोस, तिथल्या सिनियर मुलींना विचार की फिल्डवर्कला कुठे पाठवतात आणि सुपरवायझर रेकॉर्डिंग खरंच वाचतात का नुसती सही करतात. सही करत असतील तर दुसरं कॉलेज बघ.