कर्णबधिरांच्या बैठकीतील नवशिक्या

प्रश्न : शेजारच्या घरातील कर्णबधिर सुनेशी बोलता यावे म्हणून मी भारतीय सांकेतिक भाषा शिकू लागले आहे. तिच्यासोबत बेळगावला कर्णबधिर मंडळींच्या रविवारच्या बैठकीलाही जाते. मोबाईलवर शब्दकोशाच्या चित्रफिती पाहून पाठ केलेल्या कित्येक खुणा तेथे वेगळ्याच निघतात. मंडळी माझ्याशी सावकाश बोलतात, पण आपापसांत बोलू लागली की मला काहीच उमगत नाही. आता तिने मला दवाखान्यात दुभाषी म्हणून येण्याची विनंती केली आहे. मी शब्दकोश बाजूला ठेवावा का, आणि दवाखान्यात जावे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : शब्दकोश बाजूला ठेवू नका, मात्र त्याच्या आधारे बैठकीतील कोणाची खूण चुकीची ठरवू नका. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत आणि घरी उजळणी करण्यासाठी याहून सोयीचे साधन नाही. परंतु संशोधक मदन वासिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दिल्ली, कोलकाता, मुंबई व बंगळूर येथील खुणा तपासल्या, तेव्हाही त्यांना व्याकरण सारखे आणि शब्द मात्र काही प्रमाणात निराळे आढळले होते. बेळगाव तर मुंबई आणि बंगळूर यांच्या मधोमध आहे. कोणी महाराष्ट्रातील शाळेत शिकलेले, कोणी कर्नाटकातील, अशी माणसे एकाच बैठकीत आली की एकाच वस्तूला दोन खुणा असणारच. जिच्याशी बोलायचे तिची खूण उचलावी आणि शब्दकोशातली ओळखता येण्यापुरती लक्षात ठेवावी.

आपापसांतील बोलणे न कळण्याचे कारण केवळ वेग हे नाही. आपण मराठी माणसे मनात मराठी वाक्य जुळवतो आणि शब्दागणिक एक खूण बसवत जातो. मराठीप्रमाणे याही भाषेत क्रियापद सहसा कर्त्या-कर्मानंतर येत असल्यामुळे सुरुवातीला ते जमल्यासारखेही वाटते. मात्र येथे प्रश्नवाचक खूण व नकार सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतात, ‘देणे’ या खुणेत हात कोणाकडून कोणाकडे सरकला यावरून देणारा व घेणारा कळतो, आणि भुवया उंचावल्या की तेच विधान प्रश्न होऊन बसते. तुम्ही हातांकडेच पाहत राहिलात तर निम्मे व्याकरण नजरेतून निसटते. समोरच्याच्या चेहऱ्यावर दृष्टी ठेवावी, हात आपोआप दिसत राहतात. पहिले काही महिने बोलण्यापेक्षा पाहण्यातच अधिक वेळ घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खुणा करणे लवकर येते आणि वाचणे फार उशिरा येते.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण असते. खुणेबरोबर पुष्कळ जण ओठही हलवतात. ज्याचे शिक्षण कन्नड माध्यमाच्या शाळेत झाले त्याच्या ओठांवर, घर मराठी असले तरी, कन्नड शब्द असू शकतो. त्यामुळे ओठांवरून मराठी शोधत बसल्यास तुम्ही चकाल. चिठ्ठी लिहिण्यापूर्वीही वाचायला कोणती लिपी सोयीची पडते, हे विचारून घ्यावे.

बैठकीतील रीतभात फार अवघड नाही. लक्ष वेधण्यासाठी हात हलवावा किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करावा. दोघांच्या मधून जावे लागले तर न थांबता पटकन जावे. पाठीमागून झगझगीत उजेड येईल अशा जागी बसू नये. स्वतःसाठी नामखूण, म्हणजे आपल्या नावाची खूण, बनवू नये, ती मंडळीच देतात. न कळता मान डोलावण्याची आपली सभ्य सवय तेथे सोडावी, कारण तुम्हाला समजले असे धरून पुढचा माणूस बोलत राहतो. पुन्हा सांगायला सांगण्यात काहीच गैर नाही, मात्र रंगलेल्या गप्पा थांबवून दर खुणेचा अर्थ विचारू नये. मंडळी तेथे आठवडाभराचे बोलायला आलेली असतात, तुमचा वर्ग घ्यायला नव्हे.

दवाखान्याबाबत माझे उत्तर असे की सोबत म्हणून अवश्य जावे, दुभाषी म्हणून जाऊ नये. औषध दिवसातून किती वेळा घ्यायचे, कोणते चालत नाही, शस्त्रक्रियेला संमती आहे की नाही, यांतील एक नकार तुमच्या नजरेतून सुटला तरी त्याचे परिणाम तिला भोगावे लागतील. दुभाषेपणासाठी स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम आहेत, ते याच कारणाने. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषेचा समावेश आहे, त्यामुळे दुभाष्याची मागणी करताना तिने संकोच बाळगण्याचे कारण नाही. बैठकीतील जाणत्यांना विचारून प्रशिक्षित दुभाषी मिळतो का ते पाहावे. प्रत्यक्ष येणे शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवरही काम होते. तेही न जमल्यास डॉक्टरांनी तिला वाचता येईल त्या भाषेत लिहून द्यावे आणि ते तिने स्वतः वाचून प्रश्न विचारावेत. केसपेपर काढणे, नाव पुकारल्यावर तिला सांगणे, औषधाच्या दुकानात सोबत थांबणे, ही कामे तुम्ही निःशंकपणे करा. तपासणीच्या खोलीत यावे की बाहेर थांबावे, हे मात्र तिलाच विचारा. आपले दुखणे शेजारणीला कळू नये, असे तिला वाटत असू शकते.