मागचा टायर 16,000 चा की 7,500 चा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2015 ची केटीएम आरसी 390 मोटरसायकल आता फक्त ट्रॅकसाठी ठेवली आहे. पुण्याहून टेम्पोत टाकून वर्षातून तीनदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेता. मागचा टायर संपलाय. समोर 16,000 चा सॉफ्ट कंपाउंडचा, म्हणजे मऊ रबराचा, इम्पोर्टेड रेडियल, 7,500 चा भारतीय रेडियल आणि मित्राकडचा वापरलेला स्लिक, म्हणजे बिनखाचांचा शर्यतीचा टायर, 4,000 ला. महागडा घेतला तर क्रेडिट कार्डावर सहा हप्ते करावेत का, हेही विचारलंय.

स्लिक आधी बाद करू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याच्या कडेला 1119 दिसतं, म्हणजे 2019 च्या अकराव्या आठवड्यातला माल. असा टायर तापून निवत गेला की रबर कडक होतं. दिसायला चांगला, पण पकड गेलेली. वर त्याला आधी तापवायला वॉर्मर हवेत, वॉर्मरला वीज हवी. स्वस्त कसला!

उरले दोन. तुमच्याच अंदाजाने सॉफ्ट टायर पुणे-चेन्नईच्या अशा तीन फेऱ्या चालतो, भारतीय चार. एका फेरीला साधारण 5,300 आणि 1,900. वर्षाला फरक दहा हजारांचा. तुमच्या पगाराला हे जड नाही, मान्य. पण टेम्पोतला वाटा, एंट्री, राहणं, पेट्रोल धरून तुमची एक फेरी 22,000 ला पडते. दोन वर्षांत वाचलेल्या पैशांत जवळजवळ एक जादा फेरी निघते, आणि अजून लाइन, म्हणजे वळणातून जायची योग्य वाट, शिकणाऱ्या माणसाला सॉफ्ट रबरापेक्षा ती जादा फेरी जास्त उपयोगाची. मी भारतीय टायर घेईन.

एका अटीवर. वळणातून बाहेर पडताना मागचं चाक सरकतं असं तुम्ही लिहिलंय. इतक्या जुन्या गाडीचा मागचा शॉक, म्हणजे धक्के शोषणारा भाग, आधी तपासून घ्या. तो निकामी झाला असेल तर 16,000 चा टायरही तसाच फाटेल. 160 सेक्शनचा, म्हणजे 160 मिमी रुंद टायरचा, मोहही सोडा: मूळ साइज 150/60 आर17, रिम चार इंची. त्यावर रुंद टायर आवळला जातो आणि गाडी वळायला जड होते.

नव्या टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. कोटेशन त्याआधीचं असेल तर नवं मागा.

हप्ते नकोतच. 'नो कॉस्ट' म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा लागतोच. त्यापेक्षा या छंदाची वेगळी आरडी काढा, महिना 7,000 ची. तीन फेऱ्या, मागचा टायर आणि पुढचा टायर, ब्रेक पॅड यांची भर त्यात बसते.

या वेळी टायरवर वाचलेले 8,500 आधी शॉकच्या कामाला आणि व्यक्तिगत अपघात विम्याला वापरा, जादा फेरी त्यानंतर. तुमचं मूल चार वर्षांचं आहे, आणि पत्रात विम्याचा शब्द नाही. गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत मोटार रेसिंगची वगळणूक व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरती आहे. अपघात विम्याच्या अटी मात्र कंपनीगणिक बदलतात. 'हौशी ट्रॅक डेला कव्हर आहे का', एवढंच ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत पुढच्या फेरीची एंट्री भरू नका.