एम्युलेटरवर जुने गेम खेळणं ही चोरी आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की धाकटा भाऊ बारावीत आहे, फोनवर पीपीएसएसपीपी (सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या गेम मशीनचं एम्युलेटर) टाकून गॉड ऑफ वॉर खेळतो, गेमची फाइल कुठल्या तरी साइटवरून उतरवलेली आहे, मामेभावाचं जुनं पीएसपी आणि त्याच्या पाच-सहा डिस्क घरात कपाटात पडून आहेत, तर हे बेकायदेशीर आहे का आणि कायदा बाजूला ठेवला तरी हे चुकीचं आहे का. हे दोन प्रश्न तुम्ही वेगवेगळे विचारलेत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक लोक दोन्हीची खिचडी करतात आणि मग भांडण काही संपत नाही.

आधी मी कोण ते सांगतो. पुण्यात एका छोट्या गेम स्टुडिओत चार वर्षं टेस्टर होतो, आणि त्याआधीचं सगळं लहानपण व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाहीतर टीव्हीला लावायच्या कॅसेटवाल्या गेमवर गेलं. वकील नाही, पण कायद्याची कलमं स्वतः बसून वाचली आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी जीव अडकलेला माणूस म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, एम्युलेटर स्वतः बेकायदेशीर नाही. एम्युलेटर म्हणजे एका मशीनसारखं वागणारं सॉफ्टवेअर, बस. अमेरिकेत याच्यावर मोठी लढाई होऊन गेली आहे. 1999 मध्ये कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारं व्हर्च्युअल गेम स्टेशन काढलं, सोनीने केस टाकली, आणि 2000 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. सोनीच्या बायॉसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अभ्यास करताना त्यांनी त्याच्या कॉपी केल्या होत्या हे खरं, पण शेवटी जे विकलं त्यात सोनीचा कोड नव्हता, म्हणून तो अभ्यास कोर्टाने रास्त वापर धरला. पुढे सोनीने ते सॉफ्टवेअरच विकत घेतलं आणि बंद करून टाकलं. आणि त्याच सोनीने 2018 मध्ये प्लेस्टेशन क्लासिक नावाचा छोटा डबा विकला त्याच्या आत काय होतं, तर लोकांनी फुकट लिहिलेलं ओपन सोर्स एम्युलेटर. म्हणजे हे तंत्र घाणेरडं आहे असं आता खुद्द कंपन्याही म्हणू शकत नाहीत, आज जुने पीएसपीचे काही गेम सोनी नव्या प्लेस्टेशनवर विकते तेसुद्धा एम्युलेशन करूनच.

तुमचा भाऊ वापरतो ते पीपीएसएसपीपी तर अगदी स्वच्छ आहे, त्याला सोनीची कुठलीच फाइल लागत नाही. खरी अडचण आहे ती गेमच्या फाइलची.

आता आपला कायदा. 1957 चा कॉपीराइट कायदा, त्यातलं कलम 52 म्हणजे कुठल्या गोष्टी केल्या तर कॉपीराइटचा भंग होत नाही त्यांची यादी. लोक लगेच म्हणतात 'पर्सनल युजसाठी चालतं', आणि खरंच तिथे खासगी वापराची सूट आहे, पण त्याच वाक्यात लिहिलंय की ही सूट कॉम्प्युटर प्रोग्रामला लागू नाही. हे कोणी वाचतच नाही. म्हणजे पुस्तकातली चार पानं स्वतःसाठी झेरॉक्स केली त्या हिशोबाने गेम उतरवता येत नाही. पण जरा पुढे गेलात की प्रोग्रामसाठी वेगळी पोटकलमं आहेत, त्यात असं आहे की तुमच्याकडे कायदेशीर मिळवलेली स्वतःची कॉपी असेल तर तिच्यावरून बिगरव्यापारी, वैयक्तिक वापरासाठी कॉपी करता येते, आणि बॅकअपही ठेवता येतो. हे माझ्या मते फार महत्त्वाचं वाक्य आहे. गेममध्ये प्रोग्रामसोबत चित्रं असतात, संगीत असतं, त्यामुळे वकील इथे वाद घालू शकतात हे मान्य, पण निदान दार उघडं आहे. म्हणजे कपाटातल्या डिस्कवरून काढलेली फाइल ही एक गोष्ट आणि साइटवरून उतरवलेली फाइल ही अगदी वेगळी गोष्ट, भले दोन्हीतला शून्य-एक सारखाच असो. 'डिस्क आहे ना माझ्याकडे, मग डाउनलोड केलं तर काय' हे लॉजिक मनाला पटतं, मलाही पटतं, पण कायद्यात लिहिलंय ते तुमच्या कॉपीवरून बनवलेल्या कॉपीबद्दल. आणि ते '24 तासांत डिलीट केलं तर चालतं' असं जे साइटवर लिहिलेलं असतं त्याला जगात कुठेही आधार नाही, कोणीतरी कधीतरी लिहिलं आणि सगळ्यांनी चिकटवलं.

शिक्षा विचाराल तर 63ब कलम आहे, पायरेटेड प्रोग्राम माहीत असून वापरला तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापरला नसेल तर कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडायची मुभा कोर्टाला आहे. फोनवर गेम खेळणाऱ्या बारावीच्या पोराच्या दारात यासाठी पोलीस आलेले मी तरी कधी ऐकले नाहीत, तेव्हा घाबरू नका, पण 'काही होत नाही' म्हणजे 'कायदेशीर आहे' असा अर्थ काढू नका. कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप तोडण्यावरही 2012 च्या दुरुस्तीत कलम आलं, 65अ, पण आपल्याकडे हक्क मोडायच्या इराद्याने तोडलं तरच गुन्हा. अमेरिकेत 1998 पासून जो कायदा आहे त्यात इरादा वगैरे फारसं बघत नाहीत, तिथे कुलूप तोडणं हाच दोष, आणि म्हणून तिथे निन्टेन्डोसारख्या गेम कंपनीला एवढं बळ मिळतं.

युझूचं प्रकरण त्यातूनच झालं. युझू म्हणजे निन्टेन्डोच्या स्विच या गेम मशीनचं एम्युलेटर. फेब्रुवारी 2024 मध्ये निन्टेन्डोने केस केली आणि आठवड्याभरातच युझूवाल्यांनी 24 लाख डॉलर द्यायचं कबूल करून दुकान बंद केलं. त्यावर 'एम्युलेशन आता बेकायदेशीर ठरलं' अशा बातम्या फिरल्या ते साफ चूक आहे, कोर्टाने निकाल दिलाच नाही, तडजोड झाली. पण मला युझूची बाजूही पूर्ण घेता येत नाही. निन्टेन्डोच्या झेल्डा या गेमचा नवा भाग मे 2023 मध्ये यायचा होता, तो यायच्या आधीच फुटला आणि निन्टेन्डोच्या म्हणण्यानुसार दहा लाखांहून जास्त वेळा उतरवला गेला, आणि त्या काळात युझूवाले पॅट्रिऑन या वर्गणी गोळा करायच्या साइटवर महिन्याच्या महिन्याला पैसे घेऊन नवीन व्हर्जन आधी देत होते. दुकानात माल यायच्या आधी फुटलेल्या गेमच्या जिवावर कमाई होत असेल तर 'आम्ही फक्त जुने गेम जपतोय' हे म्हणता येत नाही.

आणि इथून मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, तोच मला जास्त जवळचा आहे.

आमच्या स्टुडिओत आम्ही नऊ जण होतो. तीन वर्षं एक गेम बनवला, रिलीज केला, आणि चौथ्या दिवशी सपोर्टच्या मेलवर तक्रारी यायला लागल्या की दुसऱ्या लेव्हलला पुलावरून पडलं की गेम अडकतो. तो बग मीच शोधला होता आणि पहिल्याच दिवशीच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, तो गेला होता, म्हणजे ज्यांना अजून अडकत होतं त्यांच्याकडे टॉरेंटवरची पहिली कॉपी होती. आम्ही त्यांनाही उत्तरं दिली. चांगली मुलं होती ती, गेम मनापासून आवडला म्हणून लिहीत होती, काहींनी तर तीन-तीन पानी मेल लिहिले. पण सहा महिन्यांनी नऊचे आम्ही चार झालो. सगळं पायरसीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, गेम चालला नाही त्याची अजून दहा कारणं होती, पण त्या मेलच्या संख्येकडे आणि विक्रीच्या आकड्याकडे एकाच स्क्रीनवर बघताना पोटात जे तुटलं ते मी विसरलेलो नाही. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' बनवला, 2020 मध्ये आला, द गेम अवॉर्ड्सला पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचला, असा गेम आपल्या गावातून निघणं म्हणजे किती वर्षांची मेहनत असते हे मला आतून माहीत आहे. तो कोणी क्रॅक करून खेळतं तेव्हा मला राग येतो, सरळ राग येतो.

म्हणून माझी स्वतःची कसोटी एकच, मी जो पैसा देत नाहीये त्याची वाट कोणी बघतंय का?

आता ही कसोटी मुस्तफा या जुन्या पार्लरच्या गेमला लावून बघा. ज्यांनी नव्वदीत पार्लरमध्ये रुपया-रुपयाची कॉइन टाकली त्यांना मुस्तफा सांगायला नको, पिवळ्या टोपीवाला, धावत येऊन लाथ मारणारा. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमने 1993 मध्ये काढलेला, पण आपल्याकडे सगळे त्याला मुस्तफाच म्हणायचे, आमच्या सांगलीत तर पार्लरवाला दादा बोर्डावरही तेच लिहायचा. हा गेम घरच्या कुठल्याही कन्सोलवर कधी आलाच नाही. तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला, नावात गाडीच्या कंपनीचा ब्रँड, एवढ्या सगळ्यांची परवानगी पुन्हा कोण गोळा करणार? आणि पार्लरच्या मशीनमधल्या त्याच्या मूळ सर्किट बोर्डवर एक बॅटरी असते, ती संपली की आत साठवलेली माहिती पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. म्हणजे जगातले मूळ मुस्तफा एकेक करून आपोआप मरतायत. तो आज खेळता येतो तो 1997 मध्ये सुरू झालेल्या मेम नावाच्या एम्युलेटरमुळे, आणि कोणीतरी वेळेवर त्या चिप वाचून ठेवल्या म्हणून. कायद्याने तो अजून कोणाच्या तरी मालकीचाच आहे, 'टाकून दिलेला गेम' असा काही प्रकार कायद्यात नाही, आणि मालकीची मुदत संपेपर्यंत आपण कोणी नसू. पण मी कितीही पैसे हातात घेऊन उभा राहिलो तरी ते घेणारं दुकानच नाहीये. इथे कायदा आणि माझं मन यांची वाट वेगळी होते आणि मी ते लपवत नाही, मी मुस्तफा खेळतो, माझ्या मुलीलाही शिकवलाय.

आणि हे फक्त मुस्तफाचं नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, 2010 च्या आधी तिथे निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने 3डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या गेम मशीनची ऑनलाइन दुकानं बंद केली, म्हणजे जे गेम फक्त तिथेच होते ते नव्याने विकत घ्यायची वाटच संपली. लायब्रऱ्यांनी तिथे सरकारकडे मागणी केली की निदान संशोधन करणाऱ्यांना तरी जुने गेम घरबसल्या बघू द्या, 2024 मध्ये तीही नाकारली. याला मी अन्याय म्हणतो. स्वतः विकायचं नाही आणि जपणाऱ्याला जपू द्यायचं नाही, हे चालणार नाही.

पण याच मुद्द्याचा आडोसा घेऊन जे लोक मागच्या महिन्यात आलेला गेम उतरवतात त्यांच्याशी माझं जमत नाही. 'गेम चार-पाच हजारांचा, आम्हाला परवडत नाही' हे खरं आहे, मलाही परवडत नव्हतं, कॉलेजात मी पण चिप मारलेल्या पीएस टूवर पन्नास रुपयांच्या सीड्या खेळलोय. तेव्हा दुसरा रस्ता दिसत नव्हता, आज आहे, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून किमती रुपयांत आहेत, सेल लागतात, जुने गेम शे-दोनशेत मिळतात. थोडं थांबावं लागतं, एवढंच.

सगळ्यात वाईट मला वाटतात ते विकणारे. ऑनलाइन ते छोटे हँडहेल्ड मिळतात ना, 'दहा हजार गेम आधीच भरलेले', किंवा हार्ड डिस्क भरून देणारे. ज्यांनी एम्युलेटर लिहिलं त्यांना पैसा नाही, ज्यांनी गेम बनवले त्यांना नाही, मधल्याने मेमरी कार्डवर कॉपी-पेस्ट करून कमाई केली. फुकट उतरवणाऱ्या पोरापेक्षा मी याला कितीतरी जास्त दोष देतो, आणि आपला कायदाही फायद्यासाठी करणाऱ्याला वेगळंच मोजतो. असलं मशीन भावाला घेऊन देऊ नका.

भावाला आता काय सांगायचं, तर पीपीएसएसपीपी ठेवू दे, पण प्ले स्टोअरवरून नाहीतर त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेलं आहे ना ते बघा, टेलिग्रामवरून आलेलं एपीके असेल तर काढून टाका, त्यात काय भरलेलं असेल सांगता येत नाही. आवडत असेल तर त्यांची गोल्ड आवृत्ती घ्या, गेम सगळे फुकटमध्येही चालतात, गोल्डचे पैसे फक्त लिहिणाऱ्याला जातात. गॉड ऑफ वॉरची उतरवलेली फाइल आहे ती कायद्यात बसत नाही, हे त्याला सरळ सांगा, रागावून नको.

आणि मामेभावाच्या डिस्क बाहेर काढा, मामेभावाला विचारून पीएसपीसकट भावाच्या नावावर करून घ्या म्हणजे कॉपी त्याचीच झाली. त्या पीएसपीवर कस्टम फर्मवेअर, म्हणजे सोनीचं नसलेलं बदललेलं सिस्टम सॉफ्टवेअर, टाकलं की मेनूमध्ये यूएसबीला मेमरी कार्डऐवजी डिस्क दाखवायचा पर्याय येतो, केबल लावली की कॉम्प्युटरवर सरळ आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची अख्खी कॉपी, दिसते, ती कॉपी करून फोनवर टाकायची. एका डिस्कला दहा-पंधरा मिनिटं जातात. फक्त हे सगळं करायच्या आधी मागचं झाकण उघडून बॅटरी बघा, इतकी वर्षं पडून असलेल्या पीएसपीची बॅटरी बऱ्याचदा फुगलेली असते, फुगली असेल तर काढून बाजूला ठेवा आणि दाबू-टोचू नका, चार्जर लावला की पीएसपी बॅटरीशिवायही सुरू होतं.