कॉर्नर्सना शिकवायचंय म्हणतोस, तर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल सावकाश वाचला. अमेरिकन फुटबॉलच्या कोचिंगसाठी तुझ्यापुढे दोन जागा आहेत. एकीकडे भल्यामोठ्या स्टेडियमचं विद्यापीठ आणि तिथल्या फिल्म विभागात, म्हणजे सामन्यांच्या व्हिडिओंवर, काम. दुसरीकडे डिव्हिजन टूमधलं, म्हणजे कॉलेज खेळाच्या दुसऱ्या पातळीवरचं, लहान कॉलेज आणि तिथल्या डिफेन्सिव्ह बॅक्सच्या (डीबी, म्हणजे पास अडवणारे मागचे बचावपटू: कडेचे कॉर्नर्स आणि मधले सेफ्टीज) कोचच्या हाताखाली ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे मास्टर्स करता करता कोचिंग करायची, जागा. यातलं काय घ्यावं, असं विचारतोस. लहान कॉलेजात जा.

डीबी कोचचं काम म्हणजे शिकवणं, आणि शिकवणं अंगात मुरतं ते रोज समोर पोरं असतील तरच. मोठ्या ठिकाणी तू प्रतिस्पर्ध्याच्या थर्ड डाउनच्या (तिसऱ्या प्रयत्नाच्या) क्लिप्स निवडशील, त्यांना लेबलं लावशील आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मीटिंगसाठी तयार ठेवशील. ते काम हलकं नाही, त्यातून डोळा तयार होतो. शिवाय 2024 च्या जूनमध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेने, नियम बदलला आणि सर्वोच्च पातळीवरच्या, फिल्म अभ्यासणाऱ्या अ‍ॅनालिस्टनाही मैदानावर खेळाडूंना शिकवायची मुभा मिळाली. पण अशा प्रोग्रॅममध्ये तुझ्यापुढे लांब रांग असते. कुणी एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, खेळून आलेला, कुणी दुसरीकडचं कोऑर्डिनेटरपद (बचावाचं किंवा आक्रमणाचं प्रमुखपद) गेलेला. नवख्या कॉर्नरचं पाऊल सुधारायची पाळी तुझ्यापर्यंत यायला वर्षं जातील. लहान कॉलेजात माणसंच कमी. ऑगस्टच्या कॅम्पमध्येच कुणीतरी म्हणेल, पहिल्या वर्षाची पोरं तू घे. तुला हे लवकर ऐकायला मिळायला हवं.

कर्बी स्मार्ट यांची वाटचाल बघ. जॉर्जिया विद्यापीठाकडून सेफ्टी म्हणून खेळले आणि 2000 मध्ये व्हॅल्डोस्टा स्टेटला डीबी कोच झाले. तेही डिव्हिजन टूच. पुढच्याच वर्षी तिथले डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. आणि 2002 मध्ये ती खुर्ची सोडून फ्लोरिडा स्टेटला चक्क ग्रॅज्युएट असिस्टंट! तिथे मिकी अँड्र्यूज होते, तिथले हेड कोच बॉबी बाउडन यांचा डिफेन्स वर्षानुवर्षं चालवणारे आणि डीबींना स्वतः शिकवणारे. 2004 मध्ये नामवंत कोच निक सेबन यांच्या लुइझियाना स्टेटमध्ये (एलएसयू) स्मार्ट डीबी कोच झाले. पुढे अलाबामा, मग 2016 पासून जॉर्जियाचे हेड कोच, 2021 आणि 2022 च्या हंगामांची राष्ट्रीय विजेतेपदं. लोकांच्या लक्षात विजेतेपदं राहतात. मला मात्र व्हॅल्डोस्टा आणि तिथून खाली उतरून घेतलेली ती जागा जास्त मोलाची वाटते. आधी हाताला काम मिळवलं, मग गुरू बघून जागा धरली, पदाकडे पाहिलं नाही. म्हणून माझ्या सल्ल्याला एक अट आहे. लहान कॉलेजातला तो डीबी कोच कसा शिकवतो, हे बघितल्याशिवाय होकार देऊ नकोस. एक दिवस त्याच्या मीटिंगमध्ये मागे बसू दे म्हणावं. पोरं वहीत लिहितात का, प्रश्न विचारतात का, आणि चूक झाल्यावर तो ओरडतो की पुढच्या वेळी कुठे बघायचं ते सांगतो, हे पाहा.

'मी इथे कॉलेजात खेळलोच नाही' असं लिहिलं आहेस. ही अडचण खरी आहे. बहुतेक डीबी कोच स्वतः डीबी होते, आणि पोरं तुला पहिल्याच आठवड्यात जोखतील. पण मॅनी डियाझही कॉलेजात खेळलेले नव्हते. ईएसपीएनमधली नोकरी सोडून ते फ्लोरिडा स्टेटला आले, तळापासून सुरुवात केली, नॉर्थ कॅरोलिना स्टेटला सेफ्टीजना शिकवलं आणि पुढे मायामी व ड्यूकचे हेड कोच झाले.

आणि तू अगदी कोरा नाहीस. सांगलीत कबड्डीत मध्यरक्षक म्हणून खेळायचास तेव्हा चढाईपटू हात नाचवायचा, मान झटकायचा, पण तुझी नजर त्याच्या कमरेवर आणि पायांवर असायची. मॅन कव्हरेजमध्ये, म्हणजे एकास एक पहाऱ्यात, कॉर्नरलाही हेच सांगावं लागतं. रिसीव्हरचे (पास झेलणाऱ्याचे) खांदे हूल देतात, कंबर देत नाही. डीबीची चूक पायांची दिसते, पण बहुतेक वेळा मूळ नजरेत असतं. सेफ्टीचंच घे. कॉलेजात पास टाकताना लाइनमनला (पुढच्या रांगेतल्या आक्रमकाला) तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. लाइनमन अंगावर आलेला बघून सेफ्टीला पास नाही, चेंडू घेऊन धाव आहे असं वाटतं, तो पुढे झेपावतो आणि चेंडू त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पडतो. त्याला वेगात पळायला सांगून उपयोग नाही. चेंडू हलण्याआधी कुणाकडे बघायचं आणि हलल्यावर कुणाकडे, हे त्याला इतक्यांदा करायला लाव की विचार करावा लागू नये.

एक गृहपाठ देतो. दोन कॉर्नर्सचं काम सारखं का नसतं, हे आईला फोनवर मराठीत समजावून सांग. मी असं सांगेन: मैदान 160 फूट रुंद. डाव नेहमी दोन हॅशच्या (मैदानावर आखलेल्या खुणांच्या ओळींच्या) आत किंवा हॅशवरूनच सुरू होतो, आणि कॉलेजात या हॅशमध्ये 40 फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठराच. चेंडू डाव्या हॅशवर असला की डावीकडे 60 फूट जागा उरते, उजवीकडे 100. अरुंद बाजूच्या बाउंड्री कॉर्नरला साइडलाइनचा आधार असतो, म्हणून त्याला पुष्कळदा एकटं सोडतात आणि धाव अडवायलाही पुढे बोलावतात. तिथे अंगात जोर हवा. रुंद बाजूच्या फील्ड कॉर्नरला रान मोकळं, म्हणून पाय हवेत. पण तिथला पास लांबचा, चेंडू हवेत जास्त वेळ, त्यामुळे त्याला सावरायला क्षणभर मिळतो. आईला हे कळलं तर अठरा वर्षांच्या पोरालाही कळेल. नाही कळलं, तर तुझी मांडणी सुधार.

आता व्हिसा. इथे कुणाच्या ऐकीव सल्ल्यावर जाऊ नकोस. एफ-1वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि हंगामातला ग्रॅज्युएट असिस्टंट कागदावरच्या तासांत कधीच मावत नाही. तुला मावावं लागेल. आधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसात जा, मग हेड कोचला स्पष्ट सांग. 'नुसती मदत' म्हणून जादा तास करू नकोस. ओपीटीचं (पदवीनंतरच्या परवानगीचं) काम पदवीच्या विषयाशी निगडित असावं लागतं, तेव्हा मास्टर्सचा विषय तसा निवड. विद्यापीठांना एच-1बीची (नोकरीच्या व्हिसाची) लॉटरी लागू नाही, ही जमेची बाजू. पण हेड कोच गेला की त्याच्याबरोबर बहुतेकदा बराचसा स्टाफ जातो, आणि हेड कोच टिकूनही सहायकाची नोकरी जाऊ शकते. 1981 च्या हंगामानंतर ओहायो स्टेटने सेबन यांना काढलं, तेव्हा ते तिथे डीबीच शिकवत होते. अशी वेळ एच-1बीवर असताना आली, तर दुसरी जागा किंवा दुसरी सोय शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्यामुळे ओळखी आधीपासून जपायच्या. जानेवारीत कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. तिथे नोकरी मागायला जाऊ नकोस, दुसऱ्यांचं शिकवणं ऐकायला जा. मी तिथे असेन, दोघातिघांना भेटवतो.

रिक्रूटिंगची, म्हणजे नवे खेळाडू मिळवण्याची, धास्ती आत्ता नको. खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या ट्रान्सफर पोर्टलमुळे ते काम वाढलंय खरं, पण सर्वोच्च पातळीवर कॅम्पसबाहेर जाऊन रिक्रूट करायला हेड कोच आणि दहा सहायकांनाच परवानगी आहे. तू तिथवर पोचशील तेव्हा त्यावर बोलू.

बाबांना पगाराची काळजी वाटते, हे मला समजतं. पहिली काही वर्षं तो खरोखरच तुटपुंजा असेल. फी माफ होते का, राहायची सोय आहे का, आरोग्य विमा कोण भरतं, हे तिन्ही प्रश्न होकार द्यायच्या आधी लेखी विचार. उत्तरं आली की मला पाठव. बाबांशी मी स्वतः बोलतो.

तुझा,
काका